न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये लग्न, साखरपुडा, बारसं, गटग (गेट-टुगेदर): परवाने, शुल्क आणि नियम

हडसनकाठ

सेंट्रल पार्कमध्ये छोटेखानी लग्न करायचंय, काय काय लागतं, हा प्रश्न इथे सारखा येतो आणि उत्तरं भलत्याच धाग्यांत पांगलेली आहेत. म्हणून सगळं एका ठिकाणी. भर घाला, दुरुस्त करा. शुल्कं मधूनमधून बदलतात, तेव्हा पैसे भरण्याआधी अर्जाच्या पानावरचा आकडा बघून घ्या.

बागेत शिरायला तिकीट नाही. ८४३ एकर, दक्षिणेला ५९वा रस्ता, उत्तरेला ११०वा, रोज सकाळी ६ ते रात्री १. पैसे पडतात ते आतल्या ठरावीक गोष्टींना: प्राणिसंग्रहालय, मेरी-गो-राउंड, होड्या, स्केटिंग, टेनिस. नुसतं चालायला, गवतावर सतरंजी टाकायला, डबा खायला कोणाला काही द्यायचं नसतं. बागेचा 'प्रवेश पास' कोणी विकू लागलं तर सरळ पुढे चालू पडा.

गोंधळ होतो तो बाग एक आणि खिडक्या पाच म्हणून. जमीन शहराची, म्हणजे एनवायसी पार्क्स या खात्याची. रोजची देखभाल करते १९८० साली स्थापन झालेली सेंट्रल पार्क कॉन्झर्व्हन्सी. कोणाकडे काय मागायचं ते असं:

माणसं जमवायचा परवाना पार्क्स खात्याकडे. लाउडस्पीकरचा पोलिसांकडे. व्यावसायिक चित्रीकरणाचा महापौरांच्या चित्रपट-माध्यम कार्यालयाकडे. कॉन्झर्व्हेटरी गार्डन ही १०५व्या रस्त्याजवळची आखीव बाग हवी असेल तर कॉन्झर्व्हन्सीकडे, आणि तिथलं शुल्क काहीशे डॉलरच्या घरात. लग्न कायदेशीर व्हायला लागणारं लायसन्स सिटी क्लार्ककडे, म्हणजे शहराच्या विवाह-नोंदणी कार्यालयात. यांतला एक कागद दुसऱ्याच्या जागी चालत नाही. पार्क्सचा परवाना हातात असला म्हणून लग्न कायदेशीर होत नाही, आणि लायसन्स असलं म्हणून चाळीस वऱ्हाडी घेऊन तळ्याकाठी उभं राहता येत नाही.

आता मुख्य परवाना. २० किंवा जास्त माणसं असतील, किंवा विशिष्ट जागा आपल्या नावावर लागायला हवी असेल, तर 'स्पेशल इव्हेंट परमिट' घ्यावं लागतं. अर्ज ऑनलाइन, शुल्क २५ डॉलर, कार्डाने भरायचं, परत मिळत नाही. छाननीला २१ ते ३० दिवस धरा. मोजणीत मुलंबाळं, भटजी, फोटोवाला सगळे धरा. '१९ पाहुणे आणि आम्ही दोघं' हे २१ होतात.

अर्जात जे विचारतात त्यात तीन ठिकाणी लोक चुकतात.

पहिलं, जागा. 'तळ्याजवळ' असं लिहिलं की अर्ज अडकतो. जागेचं अधिकृत नाव लिहा: लेडीज पॅव्हिलियन, कॉप कॉट, वॅग्नर कोव्ह, चेरी हिल. दुसरी-तिसरी पसंतीही वर्णनात टाका.

दुसरं, वेळ. सुरुवातीची वेळ म्हणजे मुहूर्ताची नाही, तुमची माणसं जागेवर पोचतात ती. मांडामांड आणि आवराआवर धरून लिहा. मुहूर्त ११:४० चा असेल तर १०:३० ते १२:३० मागा.

तिसरं, सामान. काही नसेल तर 'काही नाही' असं स्पष्ट लिहा. रकाना रिकामा राहिला की उलट विचारणा येते, त्यात आठवडा जातो.

परवाना आला की छापून जवळ ठेवा. हिरव्या गणवेशातले पार्क्सचे गस्तवाले मागू शकतात. आणि हे नीट समजून घ्या की परवाना जागा वापरायचा आहे, अडवायचा नाही. फेरफटका मारणारे लोक तुमच्या अंतरपाटाच्या मागून जाणारच.

---

जर्सीकर

उत्तम धागा. लायसन्सबद्दल भर घालतो, कारण एडिसन-इसलिनकडच्या मंडळींची गाडी इथेच रुळावरून घसरते.

न्यू जर्सीत काढलेलं मॅरेज लायसन्स न्यूयॉर्कमध्ये होणाऱ्या लग्नाला चालत नाही. लग्न ज्या राज्यात लागणार तिथलं लायसन्स लागतं. तुम्ही कुठे राहता याचा संबंध नाही, अमेरिकन नागरिक असण्याचीही अट नाही.

न्यूयॉर्क शहरात सिटी क्लार्ककडे आधी ऑनलाइन अर्ज भरायचा, मग दोघांनी ओळखपत्रासह हजर व्हायचं. पासपोर्ट चालतो. शुल्क ३५ डॉलर. मॅनहॅटनचं कार्यालय १४१ वर्थ स्ट्रीटला. लायसन्स मिळाल्यापासून २४ तास लग्न लावता येत नाही आणि पुढे ६० दिवसांत लावावंच लागतं. शनिवारी सकाळी ११ चा मुहूर्त आहे आणि तुम्ही शुक्रवारी दुपारी २ ला लायसन्स घेतलंत, तर २४ तास पुरे होतात शनिवारी दुपारी २ ला. मुहूर्त गेला. शनिवार-रविवारी कार्यालय बंद. म्हणून शनिवारच्या लग्नाला गुरुवारपर्यंत लायसन्स हातात पाहिजे, आणि भारतातून येणाऱ्यांनी त्याच आठवड्यात उतरायचं ठरवू नये.

लग्नानंतर कोणतं आडनाव लावणार हे याच अर्जात लिहायचं असतं. नंतर बदलायचं म्हटलं की वेगळी यातायात. स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे अक्षर न अक्षर जुळवून घ्या; 'देशपांडे'तल्या शेवटच्या अक्षराने पुढे बँकेपासून व्हिसापर्यंत सगळीकडे त्रास होतो.

---

लिंबलोण

भटजींचं काय? आमच्या ओळखीचे गुरुजी पेन्सिल्वेनियात असतात, ते चालतील?

---

जर्सीकर

@लिंबलोण, चालतील, पण न्यूयॉर्क शहरात विवाह लावणाऱ्याची सिटी क्लार्ककडे नोंदणी असावी लागते. ते राहतात कुठे हा मुद्दा नाही. गुरुजींना थेट विचारा, 'न्यूयॉर्क सिटीत रजिस्टर्ड आहात का?' दुसऱ्या राज्यात शेकडो लग्नं लावली असली तरी ती नोंदणी इथे मोजत नाहीत. नवी नोंदणी करायची तर त्यांना त्यांच्या मंदिराचे किंवा संस्थेचे कागद जोडावे लागतात, त्याला वेळ ठेवा.

दुसरी वाट २०२३ पासून निघाली आहे. न्यूयॉर्क राज्यात एका दिवसापुरतं 'ऑफिशियंट' (लग्न लावणाऱ्याचं) लायसन्स मिळतं, शुल्क २५ डॉलर. मामा, काकू, मित्र, कोणीही सज्ञान व्यक्ती ते घेऊ शकते. त्यामुळे विधी गुरुजींनी करायचे आणि कायद्याची सही मामांनी, अशी वाटणी करता येते. गुरुजी पुण्याहून व्हिडिओवर मंत्र सांगत असतील तर हीच सोय उपयोगी.

शहरात किमान एक साक्षीदार लागतो. समारंभ झाला की लायसन्सवर सह्या करून ते ५ दिवसांत सिटी क्लार्ककडे परत पाठवायचं काम लग्न लावणाऱ्याचं. हे विसरलं की दाखला येत नाही. परतीचा लिफाफा पत्ता-तिकिटासह त्यांच्या हातात द्या आणि दुसऱ्या दिवशी फोन करून विचारा.

भारतात वापरायला साधा दाखला पुरत नाही. सिटी क्लार्ककडून 'एक्स्टेंडेड' (सविस्तर) दाखला मागायचा, मग काउंटी क्लार्कची पडताळणी, मग राज्याचं अपॉस्टिल (परदेशात कागद ग्राह्य धरावा म्हणूनचं प्रमाणपत्र), या क्रमाने. उलटा क्रम चालत नाही.

---

कट्टेकरी

एवढं सगळं कशाला? रविवारी बागेत जा, लग्न लावा, या घरी. २५-३० माणसांना कोण विचारतंय?

---

हडसनकाठ

@कट्टेकरी, बऱ्याचदा कोणी विचारत नाही हे खरं. पण त्याच वेळेला त्याच जागेचा परवाना दुसऱ्याकडे असला तर तुम्हाला उठावं लागतं, आणि वाद घालायला हातात काही नसतं. मे-जूनच्या शनिवारी लेडीज पॅव्हिलियनला एकामागून एक लग्नं लागलेली असतात. पुढची नवरी पांढरा झगा धरून बाजूला उभी आणि तुमचं चौथं मंगलाष्टक चाललंय, हा देखावा टाळायची किंमत २५ डॉलर आहे.

---

अंतरपाट

आता मराठी लग्नाला नियम कुठे कुठे आडवे येतात ते लिहिते, कारण इंग्रजी वेडिंग ब्लॉगवर हे सापडणार नाही.

अक्षता: तांदूळ, धान्य, पाकळ्या, कागदाचे तुकडे, काहीही उधळायला बंदी. लोकांना वाटतं तांदूळ खाऊन पक्षी फुगून मरतात म्हणून. ती अफवा आहे. खरं कारण साफसफाई आणि उंदीर. उपाय असा: प्रत्येकाच्या हातात अक्षता न देता त्या परातीत ठेवा, प्रत्येक 'सावधान'ला दोन-तीन जण पुढे होऊन वधूवरांच्या हातातल्या ओंजळीत किंवा खाली धरलेल्या उपरण्यात सोडतील. उपरणं चारी टोकांनी धरायला चार मुलं लागतात, ती हौसेने धरतात. लांबून फेकायची सवय असलेले काका लोक मात्र आधी बाजूला घेऊन समजवावे लागतात. हळदकुंकवाने माखलेल्या अक्षता फरशीवर चिरडल्या की डाग राहतो, म्हणून कोरड्याच घ्या.

होम: उघड्या आगीला मनाई. यात होमकुंड आलं, समई आली, निरांजनही आलं. छोट्या तांब्याच्या कुंडात दोन गोवऱ्या, एवढ्याने काय होतंय, असा युक्तिवाद करू नका. परवान्याच्या अटीच मोडतात. बहुतेक घरांत वाटणी अशी करतात: विवाहहोम, लाजाहोम, सप्तपदी आदल्या दिवशी किंवा सकाळी मंदिरात नाहीतर घराच्या अंगणात, आणि बागेत अंतरपाट, मंगलाष्टका, माळा, मंगळसूत्र. क्रम बदलतो म्हणून गुरुजींशी आधी बोला. काहींना चालतं, काही नाही म्हणतात. औक्षण घरून निघताना करून घ्या.

मांडव: खांब रोवायचे नाहीत, तंबू नाही, उभी कमान नाही, झाडाला किंवा कठड्याला दोरा-हार बांधायचा नाही. फुगे नाहीत. अंतरपाट दोघांनी हातात धरायचा असतो, त्यामुळे तो निर्वेध. हातात धरलेली वस्तू चालते, जमिनीत किंवा झाडात गुंतलेली नाही, एवढं लक्षात ठेवलं की निम्मे प्रश्न सुटतात.

माळा: चालतात. झेंडूच्या माळा सैल गुंफलेल्या असल्या तर पाकळ्यांचा सडा पडतो. शेवंती किंवा घट्ट बांधलेला गुलछडी-गुलाब घ्या आणि एक कचऱ्याची पिशवी आणि हातझाडू करवलीकडे द्या.

खुर्च्या: रांगा मांडता येत नाहीत. आजी-आजोबांसाठी चार-दोन घडीच्या खुर्च्या हव्यात असं अर्जात लिहून मागा.

जेवण: टेबलं, केटरिंग, पंगत, दारू, यांतलं काही नाही. पेढ्यांचा डबा फिरवा. पंगत बागेबाहेर एखाद्या हॉटेलात, किंवा पैसे मोजायची तयारी असेल तर बागेतल्याच टॅव्हर्न ऑन द ग्रीनमध्ये.

पाहुण्यांची कमाल मर्यादा साधारण १०० धरतात. ५०० ची यादी असेल तर इकडे वळूच नका.

---

वडाचापार

@अंतरपाट, अग्नीशिवाय सप्तपदी आणि सप्तपदीशिवाय लग्न, हे फोटोसाठी केलेलं नाटक वाटतं. विधी मंदिरात पुरे करावेत आणि बागेत फक्त फोटो काढावेत. १९ माणसं असतील तर परवानाही नको.

---

अंतरपाट

@वडाचापार, तोही रस्ता आहेच आणि स्वस्त आहे. फक्त मग मंगलाष्टका बागेत होत नाहीत, आणि बऱ्याच जणांना नेमक्या त्याच तिथे हव्या असतात.

---

चिंचपेटी

मंगलाष्टकांना माइक मिळतो का? साधा ब्लूटूथ स्पीकर?

---

मोडीवाचक

@चिंचपेटी, आवाज विजेवर वाढवला की तो लाउडस्पीकर, मग तो ब्लूटूथचा डबा असला तरी. त्याला पोलिसांचा 'साउंड डिव्हाइस परमिट' लागतो, एका दिवसाला ४५ डॉलर, अर्ज किमान ५ दिवस आधी. बागेचं स्वतःचं पोलीस ठाणं आहे, ८६व्या रस्त्याच्या आडव्या मार्गावर. पण आधी पार्क्सचा परवाना दाखवावा लागतो, आणि लग्नाच्या परवान्यात लाउडस्पीकर मंजूर होईल असं धरून चालू नका. ४० माणसांत मोकळ्या गळ्याने म्हटलेल्या मंगलाष्टका व्यवस्थित ऐकू येतात. म्हणणारे दोघं-तिघं वधूवरांच्या मागे तोंड पाहुण्यांकडे करून उभे करा, बाजूला नको.

सनई, तबला, ढोलकी विजेशिवाय वाजते, तिला तो परवाना लागत नाही. मात्र बागेत शांतता क्षेत्रं आहेत: शीप मेडो, स्ट्रॉबेरी फील्ड्स, शेक्सपिअर गार्डन, कॉन्झर्व्हेटरी गार्डन, बेथेस्डा टेरेस वगैरे. तिथे वाद्यं नकोत. ढोल-ताशा पथक आणायचा विचार असेल तर तो बागेबाहेर ठेवा; आतमध्ये 'अवाजवी आवाज' या एका कलमाखाली थांबवतात आणि ते योग्यच आहे.

---

हडसनकाठ

जागांबद्दल थोडं, कारण फोटोंवरून ठरवलं की फसगत होते.

लेडीज पॅव्हिलियन: पश्चिमेला ७५-७६व्या रस्त्याच्या आसपास, तळ्यात घुसलेल्या खडकाळ टोकावर. १८७१ चं बिडाचं बांधकाम, मुळात कोलंबस सर्कलजवळ ट्रामच्या उतारूंसाठी उभारलेलं. छताखाली तिसेक माणसं दाटीवाटीने. वाट उंचसखल, खडकाची. व्हीलचेअर जात नाही, नऊवारी आणि कोल्हापुरी घालून जरा जपूनच.

कॉप कॉट: दक्षिण टोकाला, सहाव्या अव्हेन्यूच्या प्रवेशापासून जवळ, चढावरची लाकडी छत्री. कडेने बसायला बाक आहेत ही मोठी सोय. ५९व्या रस्त्याची रहदारी ऐकू येते.

वॅग्नर कोव्ह: पाण्याकाठची एकांताची जागा, चेरी हिलच्या पायथ्याशी. पायऱ्या उतराव्या लागतात. १५-२० माणसांपलीकडे मागची रांग झाडीत जाते.

चेरी हिल: मधोमध कारंजं, फरसबंदी सपाट. एकेकाळी घोड्यांना पाणी पाजायची जागा होती. व्हीलचेअर असेल तर माझं मत इथेच. एप्रिलच्या उत्तरार्धात चेरी फुलते तेव्हा मात्र अख्खं शहर लोटतं.

बो ब्रिज: पूल अडवता येत नाही. फोटोला जा, समारंभाला नको.

बेथेस्डाच्या कमानीखाली पावसात आडोसा मिळतो, म्हणून पाऊस आला की सगळेच तिथे धावतात: गायक, नाचणारे, इतर नवरानवरी. पर्याय म्हणून मनात ठेवा, भरवसा नको.

पाहुण्यांना पत्ता देताना दिव्याच्या खांबांचा उपयोग करा. प्रत्येक खांबावर चार आकडी क्रमांकाची पट्टी असते. पहिले दोन आकडे जवळचा रस्ता सांगतात आणि शेवटचा आकडा सम असेल तर पूर्व बाजू, विषम असेल तर पश्चिम. पट्टीवर ७५ ने सुरू होणारा विषम क्रमांक दिसला म्हणजे ७५वा रस्ता, पश्चिम अंग. झाडीत नकाशाचा ठिपका हलत राहतो, खांब हलत नाही. जागेजवळच्या खांबाचा फोटो काढून तोच कायप्पा (व्हॉट्सअॅप) गटात टाका.

---

जर्सीकर

वाहतुकीचं: बागेतले आतले रस्ते जून २०१८ पासून मोटारींना बंद. सामानाची गाडी आत येईल, नवरी दारात उतरेल, असं काही होत नाही. आडव्या चार मार्गांवरून गाड्या जातात पण तिथे थांबता येत नाही. एडिसन किंवा मेट्रोपार्कहून रेल्वेने पेन स्टेशन, तिथून उत्तरेकडे जाणारी भुयारी रेल्वेची 'सी' गाडी, ७२व्या रस्त्याला उतरा. शनिवार-रविवारी 'बी' धावत नाही, तिची वाट बघत बसू नका. लेडीज पॅव्हिलियन, चेरी हिल, दोन्ही याच स्थानकावरून सोयीचं.

---

लिंबलोण

मुहूर्ताच्या दृष्टीने कोणता काळ बरा? आणि नवरदेवाची घोड्यावरून वरात?

---

अंतरपाट

@लिंबलोण, बागेला सर्वांत चांगली हवा सप्टेंबर-ऑक्टोबरची, आणि तो नेमका चातुर्मास. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात तेव्हा इथे हातमोजे लागतात आणि डिसेंबरात साडेचारला अंधार. म्हणून आपली सगळी गर्दी मे-जूनवर पडते आणि तेव्हा इतरांचीही असते. मेच्या मुहूर्ताला अर्ज हिवाळ्यातच टाका. ३० दिवस ही छाननीची मुदत आहे, तोवर जागा शिल्लक राहील याची हमी नाही. चातुर्मास न पाळणाऱ्यांनी सप्टेंबरचा शुक्रवार घ्यावा.

मुहूर्त न्यूयॉर्कच्या सूर्योदयावरून काढून घ्या. महाराष्ट्रातल्या दिनदर्शिकेतली वेळ साडेनऊ-साडेदहा तास मागे सरकवली की झालं, असं नसतं. गोरज मुहूर्त हवा असेल तर जूनमध्ये सूर्यास्त साडेआठच्या सुमाराला, म्हणजे परवाना साडेनऊपर्यंतचा मागा आणि फोटोवाल्याला उजेडाचं आधीच सांगा.

तारीख ठरवताना दोन दिवस टाळा: जूनचा दुसरा रविवार (फिफ्थ अव्हेन्यूवर पोर्टोरिकन परेड, पूर्वेकडून शिरणं कठीण) आणि नोव्हेंबरचा पहिला रविवार (मॅरेथॉन बागेतच संपते).

---

मोडीवाचक

वरातीबद्दल. घोडा भाड्याने आणून बागेत फिरवणं जमण्यातलं नाही. घोडागाडी मिळते, एका गाडीत चार माणसं. दर शहराने ठरवलेला आहे: पहिल्या २० मिनिटांना सुमारे ७२ डॉलर, पुढच्या प्रत्येक १० मिनिटांना सुमारे २९. ऑनलाइन 'पॅकेज' विकणारे यापेक्षा बरंच जास्त लावतात. तापमान ९० फॅरनहाइटला पोचलं की घोडे कामाला लावता येत नाहीत, त्यामुळे जुलै-ऑगस्टात गाडीवर विसंबू नका. सायकलरिक्षांचा दर मिनिटावर असतो आणि फलकावर लिहिलेला असतो. बसण्याआधी दर वाचा, मिनिटाचा की माणशी हे विचारा आणि घड्याळ लावा. तिथे होणारी फसवणूक सगळी याच दोन शब्दांत लपलेली असते.

---

चिंचपेटी

फोटोवाला म्हणतो त्याला वेगळा परवाना लागेल आणि त्याचे पैसे वेगळे.

---

मोडीवाचक

@चिंचपेटी, हातातला कॅमेरा किंवा नुसता तिकाटणा (ट्रायपॉड) असेल, आणि रस्ता-जागा अडवायची नसेल, तर शहराचा चित्रीकरण परवाना सक्तीचा नाही. दिव्यांचे खांब, जनरेटर, रूळ, गाड्या आणल्या की लागतो, आणि मग १० लाख डॉलरचा दायित्व विमाही. कॉन्झर्व्हेटरी गार्डनमध्ये मात्र लग्नाच्या फोटोंनाही स्वतंत्र परवाना आहे. तो म्हणतोय ती बाग हीच का, ते आधी विचारा. नसेल तर त्या पैशांचा हिशोब मागा.

ड्रोन नाही. शहरात ड्रोन उडवायला पोलिसांचा परवाना लागतो आणि बागेत तर उडवायची जागाच नाही.

---

कट्टेकरी

बरं, लग्न सोडा. बारसं किंवा गटग करायचं असेल, ४० माणसं, पोरंसोरं, डबे, तर कुठे?

---

हडसनकाठ

@कट्टेकरी, तोच २५ डॉलरचा परवाना. जागा म्हणून ग्रेट हिल मागा: पश्चिमेला १०६व्या रस्त्याजवळ, मोठी हिरवळ, सावली, बसायला बाकं-टेबलं आणि जवळ स्वच्छतागृह. ४० माणसांत चार तास काढायचे तर शेवटची गोष्ट पहिल्या क्रमांकावर. शीप मेडो मागू नका, ती निवांत पडायची जागा आहे. शिवाय पाऊस पडून गेला की बंद ठेवतात आणि हिवाळाभर बंदच असते. गवतावर प्लास्टिकची ताडपत्री नको, खालचं गवत गुदमरून मरतं म्हणून ती उचलायला लावतात. सुती सतरंज्या, चादरी चालतात. शेगडी, कोळसा, गॅस नाही. वडे घरून तळून आणा. पाळणा टांगायला झाडाच्या फांदीवर डोळा ठेवू नका, हातावर झुलवा किंवा जमिनीवर टेकणारा छोटा पाळणा अर्जात लिहून मागा.

---

जर्सीकर

दोन किरकोळ प्रश्न विपूत (माझ्या विचारपूशीत) आले होते, इथेच उत्तर देतो.

गणपती विसर्जन: तळ्यात काहीही सोडायला बंदी. शाडूची, वीतभर, निर्माल्याशिवाय, तरी नाही. घरी बादलीत.

क्रिकेट: सेंट्रल पार्कमध्ये खेळपट्टी नाही. ब्राँक्समधल्या व्हॅन कोर्टलँड पार्कमध्ये आहेत, मैदानाचा परवाना तिथेही लागतो. टेनिस मात्र इथे आहे: एप्रिल ते नोव्हेंबर, हंगामाचा परवाना प्रौढांना १००, ६२ च्या वरच्यांना २०, १८ च्या आतल्यांना १० डॉलर, एका खेळापुरतं तिकीट १५. सुट्टीला आलेल्या आईवडिलांना हंगामी परवाना काढून देण्याआधी ते किती आठवडे आहेत ते मोजा.

---

लिंबलोण

कोणी अर्ज नाकारला गेला तर काय करायचं ते लिहील का? पैसे तर परत येत नाहीत.

---

हडसनकाठ

@लिंबलोण, नाकारण्याची नेहमीची कारणं तीन: त्या वेळेला जागा आधीच दिलेली, त्या भागात डागडुजी किंवा गवत रुजवणं चालू, किंवा माणसं जागेला झेपणार नाहीत इतकी. पहिल्यात वेळ तासा-दीड तासाने सरकवायची तयारी आहे का असं उत्तरात लिहून विचारा, सकाळी ९-१० ला जागा बहुतेक मोकळ्या असतात. दुसऱ्यात जागा बदला. तिसऱ्यात माणसं कमी केलीत असं नुसतं लिहू नका, मोठी जागा सुचवा. विचारणेच्या इमेलला लगेच उत्तर द्या. ते इमेल बऱ्याचदा स्पॅममध्ये जाऊन पडतं, तेव्हा अर्ज टाकल्यापासून तो डबा रोज उघडून बघा.

वरची दुरुस्त माहिती हेडरमध्ये घेते. कॉन्झर्व्हेटरी गार्डनचं सध्याचं शुल्क कोणी नुकतंच भरलं असेल तर आकडा टाका.